तळ न शिवणारे पाणी

एका राज्यात, दिवसाच्या दुसऱ्या प्रहरी, राजपाटाच्या, म्हणजे राजाच्या कालव्याच्या, काठावर पाटशिल्पी रुक्मांगदाचे पाय घोट्यापर्यंत दगड झाले. ऊन लख्ख होते. माणसे नुसती पाहत होती.

पाट त्यानेच बांधला होता. वरून पाणी पुरेपूर सुटे, पण ते उथळ आणि भरधाव पळे, शेतांच्या दारांत न वळता थेट वाळवंटात जाऊन मुरे. मांत्रिक धूम्रकेशाने शाप दिला होता, की सूर्यास्तापर्यंत तीन प्रयत्नांत पाणी शेतांत वळले नाही, तर पाट बांधणाऱ्याचा दगड व्हावा.

पहिल्यांदा रुक्मांगदाने पाट रुंद केला. पाणी आणखी उथळ झाले, घोटे गेले. मग पाणी जोराने आदळून दारांत शिरेल म्हणून त्याने उतार वाढवला. पाणी आणखी पिसाटले, कंबर गेली. गणित तर बरोबर होते! त्याला काही उमगेना.

काठावरची टिटवी म्हणाली, "रुक्मांगदा, वेग कसा मोजलास?"

"कण्हेरीचे फूल सोडून. शिल्पींचा रिवाज आहे."

"फूल वरच तरंगतं. तळाशी कोण गेलं होतं, तुझे आजोबा?"

बेलदारांची मुकादमीण कोंडाई हसली. "धनी, अर्धे दगड झालात. आता तरी पाखराचं ऐका."

तिने खडे भरलेला भोपळा तळालगत सोडला, वर फूल सोडले. दोन्ही पुलापाशी एकदमच पोचली.

"अशक्य!" रुक्मांगद ओरडला. "तळ पाण्याला धरून ठेवतो. इथे धरतच नाही. मी तर खडबडीत दगड बसवला होता!"

कोंडाईने पाण्यात हात घातला. गाळाखाली सोन्याचे पत्रे होते. राजाच्या खजिन्यातले शापित सोने, पाणी ज्याला शिवत नाही.

तेवढ्यात राजा आला. "पत्रे उचलू नका. राज्याची शोभा आहे ती."

"महाराज, शोभा शिजवून खायची का?" रुक्मांगद म्हणाला. सूर्य कलला तसा दगड चढत छातीला भिडला होता.

कोंडाईने हुकमाची वाट पाहिली नाही. लोखंडी पहारी चालल्या, पत्रे निघाले, जागी ओबडधोबड दगड बसले. पाणी अडखळले, मंदावले, चढले आणि शेतांच्या दारांत वळले. रुक्मांगदाच्या पायांत रक्त धावले. काठावर उभ्या धूम्रकेशाचा धूर झाला.

शाप सुटला, शेते भिजली, राज्य मार्गी लागले. मात्र पत्रे उचकटताना त्यांखालच्या चुन्यात राजमुद्रेचा ठसा निघाला होता. राजा म्हणतो, मुद्रा खजिनदाराकडे असते. खजिनदार म्हणतो, राजाकडे. ती तिथे कोणी उमटवली, याचे उत्तर अद्याप कोणीही दिलेले नाही.