सूर धरणारा

"शेवंतीच्या पाठवणीला धक्क्यावर जे वाजवलंत, ते मला का नाही दिलंत आबा?"

लवूआबा पडवीत बसले होते. समोर सुपात ताडाच्या पानाच्या पाती वाळत घातलेल्या. सनईच्या तोंडाशी बसवायची ती पात. आबांच्या तोंडात आता दात नव्हते, त्यामुळे सनई ओठांत धरता येत नव्हती. पण वाडीतल्या वाजवणाऱ्यांना पाती अजून तेच कापून देत.

"बस आधी," आबा म्हणाले. "पाणी घे."

दत्तारामने पाणी घेतलं नाही.

तो मोठा वादक झाला होता. पुण्यामुंबईच्या सभांतून वाजवायचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. ही वाडी त्याची जन्माची नव्हे, पण शिकण्याची. खाडीकाठची घडशांची वाडी. घरोघरी वाद्य. कुणी ढोल, कुणी ताशा, कुणी सनई. देवळातली पहाटेची सनई आणि गावोगावची लग्नं, यावर चुली पेटायच्या. आईबाप गेल्यावर मामाने त्याला इथे आणून सोडलं होतं, आणि आबांनी त्याला घरातलाच मानला.

"सगळं दिलंत," दत्ताराम म्हणाला. "नाकाने श्वास घ्यायचा, गालात हवा राखायची. पाण्यात नळी बुडवून बुडबुडे तुटू न देता फुंकायचं. पहाटेचं दिलंत, हळदीचं दिलंत, वरातीचं दिलंत. तेवढं एक ठेवून घेतलंत."

"काय ठेवलं?"

"ते पाठवणीचं. होडी सुटल्यावर वाजवलंत ते."

आबांनी एक पात उचलली, उजेडात धरली, परत ठेवली.

"गेलो तिथे शोधलं," दत्ताराम म्हणाला. "जुन्या लोकांना विचारलं. कुणाकडे नाही. सभा संपते, लोक पाया पडतात, आणि सनई पेटीत ठेवताना मला वाटतं, आजही ते आलं नाही. तुमचं वय झालं आबा. उद्या तुमच्याबरोबर गेलं, तर मी कुठे शोधू?"

"एवढं होतं ते?"

"तसं पुन्हा कुणी वाजवलेलं मी ऐकलं नाही."

शेजारच्या घरात कुणीतरी ताशा घोटत होतं.

अंगणात कोंबडी पाचोळा उकरत होती. तिच्याकडे बघत आबा म्हणाले, "त्या दिवशी मी वाजवलंच नाही."

"मी तुमच्या शेजारी होतो."

"होतास. सूर धरून."

सनईच्या ताफ्यात दोन सनया असतात. एक गाणं बोलते. दुसरी नुसता एकच सूर धरून राहते, थांबायचं नाही, वर जायचं नाही, खाली यायचं नाही. आबांच्या लेकीच्या, शेवंतीच्या लग्नात गाणं आबांकडे होतं आणि सूर दत्तारामकडे.

"धक्क्यापर्यंत वाजवलं," आबा म्हणाले. "मग ती होडीत बसली. तिने मागे बघितलं. माझा दम गेला. सनई ओठांना धरून ठेवली, बोटं हलवत राहिलो. लोकांना वाटलं, वाजतंय. ढोल होता, बायकांचं रडणं होतं. कुणाला कळलं नाही."

"सगळं गाव अजून म्हणतं, लवूने त्या दिवशी खाडी रडवली."

"म्हणतं."

"मग गावाने ऐकलं काय?"

"तुला."

दत्ताराम हसला. त्या हसण्यात राग होता.

"द्यायचं नसेल तर नाही म्हणा आबा. असं फसवू नका. मला पाठ आहे ते. अर्धंमुर्धं, पण आहे." आणि तो गुणगुणू लागला. हळू, खालच्या सुरात. एक ओळ वर चढली, वरच रेंगाळली, आणि उतरायच्या आधी सुटून गेली. पुढचं त्याला येत नव्हतं. नेहमी इथेच सुटायचं.

आबांनी डोळे मिटून ऐकलं.

"पुन्हा म्हण."

त्याने पुन्हा म्हटलं.

"हे माझं नाही," आबा म्हणाले. "माझ्या बापाचंही नाही. या वाडीत हे कुणी वाजवलेलं नाही."

"मग मी ऐकलं ते…"



शेवंती दत्तारामहून थोडी लहान. तो ओटीवर रियाजाला बसला की ती आत भाकऱ्या थापायची, आणि त्याचा श्वास तुटला की तिची थापही थांबायची. एवढंच. त्याहून काही घडलं नव्हतं. तो कधी बोलला नाही, ती कधी बोलली नाही. मग खाडीपलीकडून मागणी आली, घर चांगलं होतं, आणि आबांनी शब्द दिला. लग्नानंतर महिना होतो न होतो तोच दत्तारामने वाडी सोडली. मोठा वादक व्हायचं म्हणून गेला, असं सगळे समजले. त्यानेही तसंच समजून घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"सूर धरणाऱ्याचा श्वास गाणाऱ्याला ऐकू येतो."

"केव्हापासून?"

"धक्क्यावर कळलं. तोवर होडी सुटली होती."

"आणि आधी कळलं असतं तर?"

आबांनी सुपातल्या पाती सारख्या केल्या. मग म्हणाले, "तू विचारलं नाहीस."

"घरात ठेवलंत, खाऊ घातलंत, हातात सनई दिलीत. त्यावर आणखी मागायचं?"

"मागायचं होतंस."

दोघेही खाडीकडे बघत राहिले. ओहोटी होती, होड्या चिखलात कलल्या होत्या.

"बरी आहे ती," आबा न विचारताच म्हणाले. "गेल्या साली सून आली. गुडघे दुखतात तिचे."

दत्तारामने मान हलवली…

मग त्याने पेटी उघडली. चांदीची तारकशी केलेली सनई काढली, पात ओलावली. "आता वाजवून बघतो," तो म्हणाला. "माझंच असेल तर येईल."

आबांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"ते नको. नुसता सूर धर."

"नुसता?"

"शेवटचा कधी धरलास?"

त्याला आठवेना. नाव झाल्यापासून त्याच्यासाठी सूर दुसरेच कुणी धरत.

आबा उठले, भिंतीवरची आपली जुनी सनई काढली आणि त्याच्या शेजारी येऊन बसले, धक्क्यावर होते तसे डाव्या हाताला. बोळक्या तोंडाशी त्यांनी ती टेकवली. फुंकता येणारच नव्हतं. त्यांनी बोटं भोकांवर ठेवली.

दत्तारामने सूर धरला.

भरीव, सरळ सूर पडवीतून निघाला आणि चिखलावरून पलीकडे गेला. शेजारच्या घरातला ताशा थांबला. आबांची बोटं हलू लागली. सनईतून काही येत नव्हतं. दत्ताराम त्या बोटांकडे बघत होता. सूर सरळ होता, गालात हवा होती, नाकातून श्वास येत होता. इतकी वर्षं मैफिली सांभाळलेला श्वास.

पलीकडच्या काठावर कुणीतरी बाई पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिली. कोण ते इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं. शिंपल्या, कालवं काढायला आलेली कुणीही असेल.

सूर तुटला.

दत्तारामने पुन्हा फुंकलं. पुन्हा तुटला. त्याने सनई मांडीवर ठेवली आणि तोंड हातांनी झाकलं.

आबांनी त्याचं रडणं सरेपर्यंत वाट बघितली. मग आपली सनई भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाले,

"त्या दिवशी तुटला नव्हता तुझा."