खंडूनं कॉलेज पारखलं

ओढ्यापलीकडच्या गावात खंडू नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? बारावीच्या पेपरात त्यानं पुस्तक अक्षर न् अक्षर उतरवलं, आणि उत्तराखाली 'आकृती पुढील पानावर पाहा' हेसुद्धा लिहून आला. तपासणाऱ्यानं पुढचं पान उलटून पाहिलं म्हणे. तरी ऐंशी टक्के पडले. आता काय बोलणार!

खंडूला एकच ध्यास. उचकी लागते ती नेमकी कशी लागते? गाव म्हणायचं, कुणीतरी आठवण काढतंय. खंडूचं त्यानं समाधान होईना. हेडमास्तर म्हणाले, "अरे, हे शरीरक्रियाशास्त्रात शिकवतात. बी.एस्सी. कर. तालुक्याला तीन कॉलेजं आहेत. फी परवडणारी बघ, शिक्षण चांगलं बघ. पण शनिवारी पाचला प्रवेश बंद होतात हां."

शनिवार हुकला तर मामाची पिठाची गिरणी ठरलेली. आणि पिठानं खंडूला शिंका यायच्या, दिवसाला दोनशे. पोरगं नुसत्या विचारानं घाबरलं.

आईला, म्हणजे अनसूयाबाईला, कॉलेजातलं काही कळत नव्हतं. पण जनावरांचा बाजार तिनं उभा जन्म पाहिलेला. ती म्हणाली, "म्हैस घेताना कशी पारखतो रे आपण? दात बघतो, चालवून बघतो, मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतो. तसंच कॉलेज पारखून घे."

"बरं," खंडू म्हणाला.

गुरुवारी तो पहिल्या कॉलेजात गेला. इमारत काचेची, कारंजं उडतंय. प्राचार्य म्हणाले, "या. काय हवंय?"

"तोंड उघडा," खंडू म्हणाला.

प्राचार्यांना वाटलं, आरोग्य खात्यातून कुणी आलंय. त्यांनी उघडलं.

"कवळी आहे," खंडू म्हणाला. "वय लपवलंय. आता चार पावलं चालून दाखवा."

प्राचार्य चालले. खरंच चालले हो! दाराशी पोचल्यावर त्यांना शंका आली. "तुम्ही आहात कोण?"

"गिऱ्हाईक. फी किती?"

"वर्षाला नव्वद हजार."

खंडूनं त्यांच्या हातावर रुमाल टाकला आणि खालून त्यांची दोन बोटं दाबली. प्राचार्य असे किंचाळले की दोन शिपाई धावत आले. खंडू कारंज्यात पडला.

तो ओलाचिंब घरी आला. आईनं कपाळावर हात मारला. "अरे माझ्या कर्मा! माणसाच्या अंगाला असा हात लावतात होय? लांब उभं राहायचं, हात मागं बांधायचे, गप्प बघायचं!"

"असं होय," खंडू म्हणाला. "आधी सांगायचंस ना."

शुक्रवारी तो दुसऱ्या कॉलेजात गेला. तिथं फी बरी होती, प्रयोगशाळाही बरी होती. शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे टिपणीस सर स्वतः नवीन पोरांची परीक्षा घेत होते. एक विद्यार्थी बाकावर बसवलेला, त्याची नाडी मोजायची, एवढंच. बरोबर मोजली की प्रवेश.

खंडूचा नंबर आला. तो चार हात लांब उभा राहिला. हात मागं बांधले. गप्प बघत राहिला.

"मोज की," सर म्हणाले.

"बघतोय," खंडू म्हणाला.

"हात लाव त्याला!"

"छे छे. काल कारंज्यात पडलो मी."

सरांनी दहा मिनिटं वाट पाहिली. बाकावरचा पोरगा झोपला. मग सर भडकले. "अरे शहाण्या, शरीर शिकायचं तर शरीराला हात लावावा लागतो! पुढं कुठं गेलास तर एक लक्षात ठेव. समोरच्याचा हात पुढं आला की मनगट धरायचं. आणि सर 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचं नाही! आता चालता हो."

खंडूनं ते घोकत घोकत घर गाठलं.

राहिलं तिसरं कॉलेज. तेच खरं चांगलं, हेडमास्तरांनी चौकशी करून सांगितलेलं. जुनं, साधं, प्रयोगशाळा झकास, शिकवणारे मन लावून शिकवणारे, आणि फी वर्षाला चार हजार. शनिवारी अनसूयाबाई स्वतः बरोबर निघाली. पण तिनं ठरवलं होतं, आपण बोललो की घोळ होतो. म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि प्रवेशाच्या खिडकीपासून लांब बाकावर जाऊन बसली.

खिडकीत एक शांत स्वभावाचे भाऊसाहेब होते. त्यांनी कागद पाहिले, गुण पाहिले, चार हजार जमा केले. घड्याळात पाचला दहा कमी होते.

"नशीबवान आहेस," ते म्हणाले. "शेवटची जागा तुझी. फॉर्म इथं ठेव, शिक्का मारतो."

खंडूनं फॉर्म खिडकीत ठेवला. शिक्का घेतलेला हात पुढं आला.

खंडूनं मनगट धरलं.

शिक्का फॉर्मवर चार बोटं अधांतरी थांबला. "अरे, काय करतोस?" भाऊसाहेब म्हणाले.

"नाडी मोजतोय. नव्वद."

"सोड!"

"तुम्ही सर आहात का?"

"मी क्लार्क आहे!"

"मग नाही सोडता येणार. टिपणीस सर म्हणाले की सोडतो."

"कोण टिपणीस?"

"दुसऱ्या कॉलेजातले. साहेब, तुमची एकशे दहा झाली. जरा बसा."

शिपाई आला. रांगेतली पोरं आली. सगळे ओरडले, "सोड!" खंडू एकेकाला शांतपणे विचारत होता, "तुम्ही सर आहात का?" म्हशीच्या दाव्याला झोंबायची सवय असलेली ती पकड, ती काय सुटते होय! भाऊसाहेब घामाघूम झाले. "एकशे तीस," खंडू काळजीनं म्हणाला.

पाचला एक मिनिट उरलं. भाऊसाहेब रडकुंडीला येऊन बाकाकडे ओरडले, "अहो बाई, शिक्का माझ्याच मुठीत आहे! जागा अजून याचीच आहे! याला फक्त सोडायला सांगा!"

अनसूयाबाईनं तोंडातला बोळा ओढून काढला आणि धावत येऊन खंडूच्या पाठीत धपाटा घातला. "सोड मेल्या! सोड म्हणते ना मी!"

खंडूनं पकड आणखी घट्ट केली. घड्याळात पाचचे टोले पडू लागले.

"आई," तो कळवळून म्हणाला, "तुझं ऐकून दोन कॉलेजं गेली. हे एक तरी नीट होऊ दे!"