चिराइताची पूड आणि आरारूट

फार वर्षांपूर्वी एका वैद्याच्या घरी एक दगडी खल होता. चिराइताच्या कडू पुडीने त्याला अगदी वैताग आणला होता. “ताप मी उतरवते. मग ह्या बेचव आरारुटाला माझ्या गोळीत जागा कशाला?” ती रोज कुरकुरे.

एके दिवशी आरारुटाला बाजूला ढकलून ती डिंकाला घेऊन खलात उतरली. गोळी दगडासारखी टणक झाली. तापाने फणफणलेल्या कुंभारणीच्या पोटात ती विरघळलीच नाही. ताप उतरला नाही आणि वैद्य काळजीत परतला.

खलाचा संयम सुटला. “अगं बाई, धरून तर तुला डिंकही ठेवतो! पण पोटात गेल्यावर तुला सोडणार कोण? आरारूट पाण्याने फुगतं, गोळी फोडतं, तेव्हा कुठे तू कामाला येतेस!”

आरारूट खलात उतरत पुडीला म्हणालं, “सरक जरा. कुंभारीण वाट बघतेय.”