दोऱ्याने बांधलेली पुस्तके

माडवेळच्या कोळीवाड्यातल्या वाचनालयात गेलात, तर पहिल्या कपाटातली पुस्तके जरा निरखून बघा. त्यांची शेवटची पाने जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली आहेत. ती गाठ कुणी सोडत नाही. त्याचे कारण जुनी माणसे असे सांगतात.

पूर्वी इथे वाचनालय नव्हते. शहरातून बैलगाडीने पुस्तकांची एक पेटी यायची आणि काही महिन्यांनी पुढच्या गावाला जायची. वाड्यात वाचता येणारी एकटी चांगुणा, पोशा तांडेलाची मुलगी. होड्या सुटण्याआधी ती वाळूवर बसून सगळ्यांना गोष्ट वाचून दाखवी, आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटून टाकी.

"बाय, त्या राजपुत्राला नदीपार तरी कर गो," बाप म्हणायचा.

"परत या, मग करते."

"म्हणजे मासळी नाय गावली तरी यायलाच पायजे," कुणीतरी हसायचे.

आणि ते यायचे. होड्या आपल्या गोष्टीमुळेच परत येतात, असे चांगुणाला हळूहळू वाटू लागले, म्हणे.

एकदा गोष्टीची थोडीच पाने उरली होती. तिने पुस्तक मिटले, होड्या गेल्या आणि दुपारी वारा फिरला. बाकीच्या होड्या कशाबशा किनाऱ्याला लागल्या. पोशाची आली नाही.

चांगुणा रोज पुस्तक घेऊन वाळूवर बसू लागली. शेजारणी म्हणत, "शेवट तरी वाच गो, त्यांच्या कानावर जाईल." ती मान हलवी. शेवट वाचून टाकला, तर बापाला यायला कारण काय उरणार?

मग पेटीवाले अनंतराव आले. एक पुस्तक कमी होते. ते तिच्या मांडीवर होते.

"पोरी, हे पुढच्या गावाला न्यायचंय. तिथली माणसं वाट बघतायत."

"वाट मी पण बघते," ती म्हणाली.

अनंतरावांनी पेटी तशीच बंद करून गाडीत चढवली. चांगुणाने उरलेली पाने दोऱ्याने बांधली. पोशाची होडी कधीच आली नाही. राजपुत्र नदीपार झाला की नाही, हे ती म्हातारी होऊन गेली तरी तिला कळले नाही.

आजही शहरातून फिरत्या वाचनालयाची मोटार येते, पण मोटारवाले त्या कपाटाला हात लावत नाहीत. आजही होड्या सुटण्याआधी वाड्यातली एखादी मुलगी गोष्ट वाचते आणि मधेच थांबते. गोष्टीने होडी परत येत नाही, हे तिलाही ठाऊक असते. तरी शेवट वाचायला ती धजत नाही. आणि एखादी होडी आली नाही, की त्या पुस्तकालाही दोरा बांधतात. कपाट आता भरत आले आहे.