दोन बोटे खाली

एकदा एका वृद्ध मेस्त्रीकडे एक शिष्य काम शिकत होता, आणि त्या शिष्याला सगळे येत होते. अडचण काय ती एवढीच. वय तिशीच्या पुढचे, हात कसबी, शहरातल्या मोठ्या गॅरेजात चार वर्षे काढलेली. गाडी फाटकातून आत येईपर्यंत तिचे दुखणे त्याला कळलेले असे. मेस्त्री मात्र मितभाषी होते. सकाळी शटर वर करताना जे दोन शब्द निघत, ते दुपारपर्यंत पुरवीत. एकाच छपराखाली दोघे दिवस काढीत आणि डबा मात्र दोन टोकांना बसून खात. या म्हाताऱ्याकडे शिकण्यासारखे आता उरले तरी काय, असे शिष्याला वारंवार वाटे. तरी तो टिकून होता, कारण त्याला जायला दुसरे ठिकाण नव्हते.

एके दिवशी एक निवृत्त पशुवैद्य आपली फार जुनी मोटार घेऊन आले. गाव त्यांना नुसते डॉक्टर म्हणे. आयुष्यभर अडलेल्या गाईम्हशी मोकळ्या करता करता त्यांचे उजवे मनगट कामातून गेले होते.

"मेस्त्री, स्टिअरिंग आता माझ्याच्याने वळत नाही," ते म्हणाले. "काल चढावरच्या वळणावर गाडी तशीच आडवी राहिली. मागच्या दुधाच्या टेम्पोवाल्याने उतरून वळवून दिली. चांगला माणूस होता, पण रोज रोज कोण भेटणार?"

शिष्याला राहवले नाही. "डॉक्टरसाहेब, हा खटाटोप हवा कशाला? नवी गाडी घ्या की. एका बोटाने वळते."

"नव्या गाडीला ती बाहेर येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

ती म्हणजे त्यांची पत्नी. दोन वर्षांपूर्वी तिची स्मृती विरत चालली आणि वर्षभरापासून तिला डोंगरापलीकडच्या माळावर, एका शुश्रूषागृहात ठेवावे लागले होते. नवऱ्याचे नाव गेले, चेहरा गेला. पण तीस वर्षे हा माणूस वेळी-अवेळी गुरे तपासायला जाई, आणि परतणाऱ्या गाडीचा आवाज आला की ती ओट्यावर येऊन उभी राही. तो आवाज मात्र तिच्यात राहिला होता. रोज दुपारी चारला गाडी शुश्रूषागृहाच्या फाटकाशी आली की ती आपली आपण उठे, व्हरांड्यात येई आणि म्हणे, "आले हो आमचे." मग डॉक्टर उतरून जवळ जात, तेव्हा ती विचारी, "आपण कोण?"

"तेवढे तीन शब्द मला मिळतात," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे बघून नसतात ते, गाडीकडे बघून असतात. पण असतात माझेच ना?"

डॉक्टरांनी मग स्वतःच सांगितले की, संध्याकाळी घरी परतल्यावर गाडी बंद करून ते थोडा वेळ आतच बसून राहतात, कारण गाडी थांबल्याचे ऐकायला आता घरात कोणी नाही. एकटेपण म्हणतात ते दुसरे काही नसते.

मेस्त्री शिष्याला एवढेच म्हणाले, "इंजिनाला हात लावू नकोस. बाकी तुझे तू बघ."

शिष्याने उत्तम विचार केला, हे कबूल केले पाहिजे. त्याच गाडीचे पुढे जे नवे मॉडेल निघाले, त्याचा रॅक त्याने मिळवला. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवले की पुढच्या चाकांना डावी-उजवीकडे ढकलणारा दातेरी दांडा. या नव्या रॅकला विजेची छोटी मोटर होती, त्यामुळे मनगटाला कष्ट नव्हते आणि इंजिनाच्या आवाजात काडीचा फरक पडणार नव्हता. प्रश्न जागेचा होता. जुन्या रॅकची जागा अडचणीची. तिथे नवा बसवायचा तर त्याला धरून ठेवणाऱ्या पकडी नव्याने घडवाव्या लागणार. तिच्या दोन बोटे वर मात्र छान सपाट जागा रिकामी होती. शिष्याने तिथे रॅक बसवला, चाकांची रेषा जुळवली आणि हमरस्त्यावर पाच किलोमीटरची फेरी मारून आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जागेवर उभ्या गाडीचे स्टिअरिंग एका बोटाने फिरवून पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढले.

तेवढ्यात मेस्त्रींनी किल्ली मागितली. गाडी घेऊन ते मागच्या वीटभट्टीच्या खाचखळग्यांच्या वाटेने गेले, पाच मिनिटांत परत आले, आणि किल्ली त्यांनी आपल्या खिशात टाकली.

"गाडी आज मिळायची नाही. चला डॉक्टर, माझ्या जीपने माळावर सोडतो तुम्हाला."

कारण नाही, स्पष्टीकरण नाही. शिष्य तळपायापासून मस्तकापर्यंत पेटला. म्हाताऱ्याला आपले काम देखवत नाही, दुसरे काय, असे म्हणत तो दुपारभर एकच पाना पुसत बसला.

दोघे परतले तेव्हा उन्हे कलली होती. "आज ती बाहेर आली नाही," डॉक्टर शिष्याला म्हणाले. "जीपचा आवाज तिच्या ओळखीचा नाही." त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर शिष्याला बरे वाटले असते.

डॉक्टर घरी गेल्यावर तो मेस्त्रींसमोर उभा राहिला. "माझ्या कामात खोट काय आहे, ते तरी सांगा."

"गाडी कुठे चालवून पाहिलीस?"

"हमरस्त्यावर."

"आणि डॉक्टर रोज जातात कुठून?"

शिष्याला ते ठाऊक नव्हते. गाडीबद्दल त्याने शंभर गोष्टी तपासल्या होत्या, एवढी एक विचारली नव्हती.

"माळावरचे शेवटचे तीन किलोमीटर नुसते खड्डे आहेत," मेस्त्री म्हणाले, "आणि एका अंगाला खोल चर. उद्या सकाळी बघू."

सकाळी त्यांनी चराच्या बाजूचे पुढचे चाक जॅकवर घेतले, त्याची स्प्रिंग काढायला लावली. चाकाच्या पुढच्या कडेला एक खडू बांधला, मागच्या कडेला एक, आणि दोन्ही खडूंना टेकून एकेक काळी फळी उभी केली. "आता चाक सावकाश वर घे," ते म्हणाले. "खड्ड्यात उसळते तसे."

चाक वर गेले. पुढच्या फळीवरची रेघ वर चढता चढता बाहेर फाकली, मागच्या फळीवरची आत वळली. स्टिअरिंगला कोणी हात लावला नव्हता. तरीही चाक आपोआप चराच्या दिशेने वळले होते. शिष्य त्या रेघांकडे पाहत राहिला, आणि त्या गाडीत स्टिअरिंगमागे बसलेला, मनगट गेलेला माणूस त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

मग मेस्त्री बोलले, आणि त्यांच्या मानाने पुष्कळच बोलले. "जुन्यात नवे बसते, अरे. मी काही जुन्याचा पुजारी नव्हे. पण हे चाक वरखाली होते ते त्याला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या बिजागरीवर. जुना रॅक त्या बिजागरीला धरून होता. तुझा दोन बोटे वर आहे. दांडा आणि रॅक, दोघे आपापल्या जागेवरून झुलतात. सपाट रस्त्यावर कोणाचे काही बिघडत नाही. खड्डा आला की एक सरळ जाऊ म्हणतो, दुसरा कडेला ओढतो. तू रिकामी जागा पाहिलीस, जुने हलते कुठून ते पाहिले नाहीस. नव्याने आपल्या सोयीने बसायचे नसते. जुन्याबरोबर त्याला हलता आले पाहिजे."

शिष्याने रॅक उतरवला. अडचणीच्या जागी पकडी घडवायला दोन दिवस लागले. त्या दोन्ही दिवशी मेस्त्री डॉक्टरांना जीपने नेत राहिले आणि दोन्ही दिवशी व्हरांडा रिकामा राहिला. दुसऱ्या दिवशी परतल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "एवढे दिवस ऐकला नाही, तर तो आवाजही ती विसरेल का हो?" शिष्य गाडीखालून बाहेर आला नाही.

तिसऱ्या सकाळी खडूच्या दोन्ही रेघा सरळ वर गेल्या. "तू जा बरोबर," मेस्त्री शिष्याला म्हणाले.

माळावरच्या खड्ड्यांत गाडी उसळत होती, पण डॉक्टरांच्या हातात स्टिअरिंग शांत होते. फाटकाशी गाडी थांबली. व्हरांड्यात कोणी नव्हते. डॉक्टरांनी इंजिन बंद केले नाही. एक मिनिट गेले, दोन गेली. मग दारातून एक हात आला, भिंतीचा आधार घेत एक कृश बाई बाहेर आली, आणि गाडीकडे पाहून म्हणाली, "आले हो आमचे. फार उशीर केलात या खेपेला."

डॉक्टर उतरून पायऱ्या चढले.

"आपण कोण?" तिने विचारले.

"मी त्यांच्याच गाडीतून आलो," डॉक्टर म्हणाले.

"बसा मग. येतीलच ते आत."

दोघे बाकावर शेजारी बसले आणि त्यांची वाट पाहू लागले. शिष्य गाडीतच बसून राहिला. या माणसाला रोज इथे येऊन स्वतःचीच वाट पाहावी लागते, आणि तीही हिरावून घ्यायला आपण निघालो होतो, हे त्याला तेव्हा उमगले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आपला डबा उचलला आणि मेस्त्रींच्या टोकाला जाऊन बसला. मेस्त्री थोडे सरकले. जेवण व्हायच्या आतच एक गिऱ्हाईक आपली गाडी घेऊन आले. शिष्य हात धुऊन उठला. बॉनेट उघडण्याआधी त्याने विचारले, "ही गाडी रोज जाते कुठे?"