उलट्या वाऱ्याचा तांडेल

अथांग समुद्रात एक चिमुकलं बेट होतं. तिथे तेवाके नावाचा एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, राहायचा. बेटावरचा गोड्या पाण्याचा एकुलता एक झरा आटत चालला होता. नवं बेट सापडलं, तरच गाव जगणार होतं. ते शोधायचं काम तेवाकेवर आलं.

पिण्यासाठी होडीत शहाळी भरून तो निघाला, आणि तेही वाऱ्याच्या उलट! शीड या अंगावरून त्या अंगावर घेत, नागमोडी वाट काढत तो पुढे गेला. निम्मी शहाळी संपताच माघारी वळला.

“आलास हात हलवत?” म्हातारी पिपिरी किनाऱ्यावरूनच ओरडली. “हवा खायला गेला होतास वाटतं!”

गाव खो खो हसलं. तेवाकेला ते फार लागलं. पण त्याचं लक्ष होडीतल्या शहाळ्यांकडे होतं. येताना वारा पाठीशी होता, होडी भराभर आली होती आणि शहाळी बरीच उरली होती. म्हणजे पुढच्या खेपेला आणखी लांब जाता येणार होतं!

मातोरे नावाचा धाडसी गडी मात्र गरजला, “मी नाही असा भागूबाई! बेट मिळाल्याशिवाय तोंड दाखवणार नाही.” त्याने वाऱ्याबरोबर शीड सोडलं आणि सुसाट गेला. तो परत आलाच नाही. त्याला बेट मिळालंही असेल, कोण जाणे! सांगायला कोण आलं?

तेवाके सोबत्यांना घेऊन पुन्हा निघाला. या खेपेला खूप लांब गेला, तरी बेट दिसेना. त्याने होडी वळवली, तसे सोबती कळवळले, “तांडेल, थोडं पुढे जाऊ या की! रिकामे गेलो तर लोक हसतील.”

“हसू देत. आपण परतलो, तरच हसायला गाव उरेल ना?”

गाव हसलंच. तिसऱ्या खेपेला मात्र हिरवंगार बेट लागलं. डोंगरावरून खळाळते ओढे वाहत होते. तेवाके तिथे रमला नाही. ओढ्याच्या पाण्याने भोपळ्याचा तुंबा भरून घेतला आणि तडक घरी आला.

तो तुंबा त्याने आधी पिपिरीच्या हाती दिला. म्हातारी घटाघट प्यायली. तिचे डोळे भरून आले.

“वाट नीट ठाऊक आहे ना रे, लेकरा?”

“जायचीही आणि यायचीही, आजी.”

“मग बघतोस काय? मला पुढे बसव!”

आणि तेवाकेच्या होडीमागून साऱ्या गावाच्या होड्या उलट्या वाऱ्यात निघाल्या.

तात्पर्य: परतीची वाट राखून जो पुढे जातो, तोच चारचौघांना पुढे नेतो.