हळदीचे फडके

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. फाल्गुन वद्य पंचमीचा दिवस होता. वारा सकाळपासून पडला होता. पिंपळाचे पानही हलत नव्हते.

नदीच्या अलीकडचा राजा आणि पलीकडचा राजा लढत होते. पण दोन्ही राज्यांत वाडवडिलांपासूनचा एक करार होता. ज्या घरावर हळदीत रंगवलेले फडके लागेल, ते घर जखमींचे. त्यात शस्त्र शिरणार नाही आणि त्यावर शस्त्र चालणार नाही.

असे एक फडके तुळाईच्या झोपडीवर होते. तुळाई मोडलेली हाडे बसवायची. तिच्याकडे तेवीस जखमी होते. सतरा अलीकडचे, सहा पलीकडचे. तिचा धाकटा भाऊही त्यांत होता. कुणालाच हलवण्यासारखे नव्हते.

वारा नसल्याने फडके काठीला चिकटून लोंबत होते. लांबून दिसेल का? तुळाई पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पाहत होती. तिला आणखी एक धास्ती होती. वरच्या गावात अशाच फडक्याआडून बाण सुटले होते. तेव्हापासून शत्रू पिवळा रंग पाहून घोडा थांबवत असे, पण मशाल विझवत नसे.

दुपारी तिच्याच राजाचा सरदार दोन गाड्या पेंढा घेऊन आला.

"मावशी, जखमींना अंथरायला," तो म्हणाला. गाडीवानांनी भारे आत रचले.

तुळाईने एक भारा सोडला आणि तिच्या बोटाला लोखंड लागले. पेंढ्यात बाण होते.

"सरदार, हे काय?"

"हळू बोल. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तुझ्या फडक्याइतकी भक्कम भिंत माझ्या किल्ल्यालासुद्धा नाही."

"भिंत दगडाची असते, बाबा. हे नुसतं कापड. त्याच्यामागं काही लपवलेलं नाही, म्हणून टिकलंय."

"शत्रूला कळणार कसं?"

कुडाच्या फटीतून बाहेर बघत पलीकडचा एक म्हातारा शिपाई कण्हला, "माय, टेकडीवर आमचे स्वार आहेत. गाड्या आल्यापासून थांबलेत."

तुळाईने पाहिले. टेकडीवर धूळ उठली होती. घोडे उतरू लागले होते.

"अक्का, आपलेच बाण आहेत, राहू दे," भाऊ म्हणाला. "सरदारांशी वाकडं नको."

"तुझा पाय फळीला बांधलाय. आग लागली तर पळशील?"

तिने भारा उचलला आणि अंगणात फेकला. सरदाराचा हात तलवारीवर गेला.

"फितूर झालीस?"

"शत्रूला कुठं देते? तुमचे तुम्हालाच परत देते. उघड्यावर न्या आणि खुशाल लढा."

सरदाराने गाडीवानांकडे पाहिले. त्यांतल्या एकाचा मामा आत निजला होता. त्याने मान खाली घातली आणि दुसरा भारा उचलला. मग त्याचा सोबतीही वाकला.

सगळे भारे पुन्हा भरून सरदाराच्या गाड्या ओढ्याकडे वळल्या आणि स्वार दारात आले. तुळाईने फडके काठीवरून सोडले, दोन्ही हातांनी ताणून धरले आणि उंबऱ्यावर उभी राहिली. वारा नव्हताच; पण आता फडके पुरते उलगडलेले दिसत होते.

"बाजूला हो, बाई," मशाल धरलेला स्वारांचा नायक म्हणाला. "वरच्या गावातही असंच फडकं होतं."

"तलवार बाहेर ठेवा. मग एकेक अंथरूण उचलून बघा."

नायकाने तलवार आणि मशाल सोबत्याकडे दिली. त्याने सगळी झोपडी धुंडाळली. शेवटी तो म्हाताऱ्या शिपायापाशी बसला.

"काका, खरं सांगा. इथं बाण होते?"

"होते. हिनं बाहेर काढले."

नायक उठला. बाहेर येऊन त्याने मशाल मातीत खुपसली.

स्वारांनी ओढ्यापाशी सरदाराच्या दोन्ही गाड्या पकडल्या. झोपडी जळाली नाही. तेवीस जखमींपैकी दोघे त्या आठवड्यात जखमांनी गेले. एकवीस जण घरी परतले. सहा नदीपलीकडे, पंधरा अलीकडे.

तात्पर्य: दुबळ्यांना राखणारा नियम शत्रूने पाळावा असे वाटत असेल, तर तो आधी आपण पाळावा.